जादा बॅटरी जोडण्याआधी

डहाणूच्या पारनाक्यापासून बोर्डीपर्यंत किनाऱ्याने सायकल चालवायला मोटरची फारशी गरजच पडत नाही. रस्ता सपाट, बाजूला चिकूच्या वाड्या आणि सुरूची बनं. खरा कस पूर्वेला वळल्यावर लागतो. कासा ओलांडून सायवनकडे निघा, नाहीतर तलासरीहून उधव्याच्या बाजूला आत शिरा, एक चढ संपतो तोवर दुसरा समोर असतो. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक माउंटन सायकलींना ३६ व्होल्टची, १० अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी असते. ३६ गुणिले १०, म्हणजे ३६० वॉट-अवर. चढावर मोटरची पूर्ण मदत घेतली तर किलोमीटरला १५ वॉट-अवर सहज जातात. अशा रस्त्यावर २४ किलोमीटरला बॅटरी रिकामी. डहाणूहून गंभीरगडाचा पायथा गाठून परत यायचं तर हा हिशेब जमत नाही.

म्हणून इथे सायकल चालवणाऱ्याच्या मनात जादा बॅटरीचा विचार येतोच. परदेशात बॉशची २५० वॉट-अवरची ‘पॉवरमोअर’ मिळते, स्पेशलाइज्डची १६० वॉट-अवरची छोटी बॅटरी मिळते. पण त्या ज्यांच्यासाठी बनवल्या त्याच यंत्रणेवर चालतात. मोठी बॅटरी, मोटर आणि छोटी बॅटरी एकमेकींशी सतत बोलत असतात. कोणी किती वीज द्यायची ते आधी ठरतं, मग वीज वाहते. माझ्या सायकलच्या कंपनीची अशी जादा बॅटरी नव्हती. दुकानदाराने बाहेरच्या बनावटीची दाखवली. व्होल्ट तेच, ३६. “चार्जिंगच्या पोर्टला पिन लावा आणि चालवा, दुप्पट लांब जाल,” असं त्याने सांगितलं.

सपाटीवर ती चालली. चैत्रात सायवनच्या रस्त्याला गेलो तेव्हा कासाला थांबलो. सायकलची बॅटरी तळाला आली होती, जादा बॅटरी पूर्ण भरलेली होती. पिन लावताच चटकन मोठी ठिणगी उडाली आणि पितळेच्या टोकावर काळा डाग पडला. पुढच्या चढावर जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. उतरून पाहिलं तर कनेक्टर मऊ होऊन वाकला होता, वायरचं आवरण आक्रसून आतली तांब्याची तार दिसत होती, आणि पिन निघेना. रस्त्याच्या कडेला सगळं गवत वाळलेलं. सायकल बंद करून मोकळ्या मुरमावर नेली, पट्टे कापून बॅटरीची पिशवी सोडवली, वायर ताणून पिन उपसली आणि बॅटरी निवेपर्यंत लांब उभा राहिलो. पेटली नाही. घरी परतलो ते टेम्पोतून.

नंतर बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे ती उघडली. निळ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली दोन वेगवेगळ्या रंगांचे सेल होते, म्हणजे कुठल्यातरी जुन्या बॅटऱ्यांतून काढून जमवलेले. त्यांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या कागदासारख्या पातळ. एक पट्टी धक्क्यांनी सुटून सेलच्या कडेला घासत होती. फ्यूज नव्हता. सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएसचं कार्ड होतं, पण प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरी त्याला जोडलेल्याच नव्हत्या.

ठिणगी का पडली

३६ व्होल्ट हे नाव झालं. दहा सेलांची ही बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते आणि उतरत गेली की ३४च्या खाली येते. रिकामी आणि भरलेली अशा दोन बॅटऱ्या थेट जोडल्या की भरलेलीतली वीज मोटरची वाट पाहत नाही, ती रिकामीत घुसते. फरक ८ व्होल्टचा आणि वाटेतला एकूण रोध ०.२ ओहम धरला तर क्षणात ४० अँपिअर वाहतात. सायकलचा कंट्रोलर साधारण १५ अँपिअर ओढतो. आणि चार्जिंगचं पोर्ट? ते २ अँपिअरच्या चार्जरसाठी केलेलं असतं. त्याच्या बारीक वायरीतून चढावरच्या मोटरची वीज नेली तर ती तापणारच.

दुसरा धोका चार्जरचा. बाहेरची बॅटरी कधी लिथियम आयर्न फॉस्फेट सेलांची असते. तिच्या बारा सेलांचा चार्जर ४३.८ व्होल्टपर्यंत जातो. पिन सारखी म्हणून तोच चार्जर सायकलच्या मूळ बॅटरीला लावला, तर तिच्या प्रत्येक सेलवर ४.२ऐवजी जवळजवळ ४.४ व्होल्ट चढतात. चांगलं बीएमएस तिथे वीज तोडतं. माझ्या बॅटरीसारखं नावापुरतं बीएमएस असेल तर तोडणारं कोणी नाही.

जायचं तर असं जा

दोन बॅटऱ्या एकाच वेळी जोडू नका, हा माझा पहिला आणि ठाम सल्ला. लांब जायचं असेल तर आपल्याच मॉडेलची कंपनीची दुसरी बॅटरी घ्या. पहिली संपली की सायकल बंद करा, बॅटरी काढा, दुसरी बसवा, कुलूप लावा. महाग पडते हे खरं. पण एकाच मॉडेलच्या सायकली असलेल्या दोघा-तिघांनी मिळून एक घेतली तर परवडते.

तेही शक्य नसेल तर चार्जर सोबत ठेवा. चारोटीला किंवा कासाला जेवायला तासभर थांबलात आणि हॉटेलवाल्याला विचारून २ अँपिअरचा चार्जर लावलात, तर १० अँपिअर-अवरची बॅटरी पाचव्या हिश्शाने भरते. शेवटचा चढ तेवढ्यावर निघतो. मोटरची मदत खालच्या पायरीवर ठेवा, गिअर हलका ठेवा, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा.

बाहेरच्या बनावटीची बॅटरी घ्यायचीच झाली तर तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, व्होल्ट, अँपिअर-अवर, सेलचा प्रकार, उत्पादनाचा महिना हे सगळं छापलेलं हवं. ईएन ५०६०४ किंवा यूएल २२७१ या मानकाप्रमाणे तपासणी झाल्याचा कागद मागा. सायकलच्या कंपनीकडून ही बॅटरी चालेल असं लेखी घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा. सरकारी तपासणीच्या भरवशावरही राहू नका. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ या मानकाचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली आपली सायकल मोटार वाहनात मोडत नाही, ते नियम तिला लागत नाहीत, त्यामुळे तिची बॅटरी नीट पारखून घेण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

बॅटरी कापडी पिशवीत लोंबकळत ठेवू नका; दगडांच्या वाटेवर आतले जोड सुटतात. बोर्डी-घोलवडच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर धरतो, पिना कोरड्या फडक्याने पुसत जा. पावसात पाणी शिरलेली, आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि घरी उघडूही नका. ती भंगारातही टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. निनावी बॅटरीला बनवणाराच नसतो, हे विकत घेतानाच ध्यानात घ्या.

घरात चार्जिंग

आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईला, सप्टेंबर २०२२ मध्ये रात्री घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. आपल्या पाड्यांवर आजही कुडाच्या भिंतींची घरं आहेत, एकाच खोलीत सगळं घर झोपतं. तिथे उशाशी बॅटरी चार्ज होत असेल तर पळायलाही वाट उरत नाही.

म्हणून चार्जिंग दिवसा करा, कोणी जागं असताना, ओटीवर किंवा अंगणात सावलीत, फरशीवर किंवा विटांवर. पेंढा, कपडे, रॉकेल जवळ नको. बाहेर जायच्या दारात तर नकोच. उन्हातून आलेली बॅटरी आधी निवू द्या. बॅटरी भरली की चार्जर काढा.

वास, फुसफुस किंवा धूर आला तर मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि ११२ला फोन करा. तो धूर विषारी असतो, बॅटरी उचलून बाहेर न्यायला आत जाऊ नका. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता तशीच राहते आणि बॅटरी पुन्हा पेट घेते. ती उघड्यावर असेल तर लांबून भरपूर पाणी मारा.

इलेक्ट्रिक सायकल आपल्या डोंगराळ भागासाठी फार चांगली आहे. पेट्रोल नको, आवाज नको, आणि वय झालेल्या माणसालाही गंभीरगडाचा पायथा गाठता येतो. ती जरूर चालवा. मात्र जास्तीच्या वीस किलोमीटरसाठी निनावी बॅटरी घरात आणू नका. कोणी आणली असेल तर आजच ती सायकलपासून वेगळी करायला सांगा.