आधी भिजव, मग हात लाव

भाचेराव, एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गाडीचा रंग रस्त्यावर जेवढा जात नाही, तेवढा धुण्याच्या जागी जातो. ऊन-पाऊस तर लागणारच, ते आपल्या हातात नाही. केबिनवर धूळ नुसती बसली तर रंगाचं फारसं बिघडत नाही. सकाळी उठून कोणी तिच्यावर कोरडं फडकं मारलं, की मग तीच धूळ रंग कापत जाते. क्लीनरला वाटतं, गाडी चकाचक केली. उन्हात जरा तिरकं उभं राहून दाराकडे बघ, बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसेल. ती सगळी फडक्याची करणी असते.

कंपनीतून आलेल्या केबिनचा रंग पक्का असतो. पत्र्यावर आधी विजेच्या प्रवाहानं प्रायमर चढवतात, त्यावर अस्तर, मग रंग, आणि चमकी असलेल्या रंगावर शेवटी पारदर्शक लॅकर. हे सगळं भट्टीत भाजून काढलेलं असतं. पण सगळे थर मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्या पापुद्र्यावर तुझ्या लाखो रुपयांच्या पत्र्याची राखण आहे. म्हणून रंगाकडे मिरवण्याची गोष्ट म्हणून बघू नकोस.

आता तुझ्या नव्या ट्रकची चासी बॉडी बांधायला जाईल. पहिला धोका तिथंच आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बॉडीच्या कारखान्यात नवी केबिन कित्येक दिवस वेल्डिंग आणि ग्राइंडरच्या शेजारी उभी असते. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो रंगावर पडला की रुतून बसतो, आणि त्या वेळी डोळ्याला दिसतही नाही. पहिला पाऊस झाला की केबिनच्या पाठीवर आणि टपावर मोहरीहून बारीक तांबूस ठिपके उमटतात. मालक कंपनीच्या पत्र्याला नावं ठेवतो. पत्रा चांगलाच असतो, गंजलेले असतात ते वरून पडलेले कण. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी केबिन झाकून घे. प्लास्टिकचा कागद नको, ठिणगीनं तो वितळून रंगालाच चिकटतो. जाड गोणपाट ओलं करून पाठीवर, टपावर आणि काचांवर टाकायला लाव. काचेलाही ठिणगीनं बारीक खड्डे पडतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्यात फाटतो. तरीही ठिपके आलेच तर पॉलिश पेपरनं घासू देऊ नकोस. गाड्या चमकवणाऱ्यांकडे क्ले बार नावाची मऊ वडी मिळते, ओल्या रंगावर ती फिरवली की कण उपसून निघतात. आणि गाडीवर वेल्डिंग चालू असताना बॅटरीच्या वायरी काढलेल्या असू दे. आताच्या गाड्यांत डिझेल-सायलेन्सरपर्यंत सगळं इलेक्ट्रॉनिक आहे.

बॉडी बांधताना एक दिवस स्वतः जाऊन बस. दोन पत्रे एकावर एक चढतात तिथं, पट्ट्यांच्या मागं, चॅनलच्या पोटात पत्रा ठोकायच्या आधी प्रायमर लागला पाहिजे. एकदा पत्रा बसला की तिथं ब्रश जात नाही, पाणी मात्र जातं. हौदा गंजायला सुरुवात होते ती नेहमी अशाच सांध्यातून. केबिनला जाळी, टपावर स्टँड, जादा लाइट यांच्यासाठी भोकं पाडशील, तर प्रत्येक भोकाची कड प्रायमर आणि रंग लावून बंद करून घे. उगाच भोकं पाडू नकोस, हे तर आहेच.

बॉडीचा रंग भट्टीतला नसतो, हवेवर सुकतो. वरून सुकलेला दिसला तरी आतून बरेच दिवस कच्चा असतो. पहिला महिनाभर बॉडीला फक्त साधं पाणी; शाम्पू नको, पॉलिश नको. ताडपत्रीचा दोर आवळताना कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे घाल. नायलॉनचा दोर वाऱ्यानं थरथरत राहतो आणि मानवतहून परभणीला येईपर्यंत कोपऱ्याचा रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढतो. हे तुकडे पहिल्या महिन्यापुरते नाहीत, गाडी असेपर्यंत ठेवायचे. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या रंग पूर्ण सुकल्यावरच लावून घे: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. पेंटरला रंग मारायची घाई असते, फवारा पट्टीवर गेला की रात्री ती उजळत नाही. मागच्या फाळक्यावर तो ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला निघाला तर नको म्हण. महाराष्ट्रात परिवहन खात्यानं ते २०१५ मध्येच बंद केलं आहे.

गाडी घरी आली की आई, मावशी, आत्या सगळ्या जमतील, पूजा होईल. होऊ दे, मनापासून होऊ दे. फक्त स्वस्तिक काचेवर काढायला सांग. हळद म्हणजे रंगच आहे, आणि तेलात कालवलेलं कुंकू किंवा शेंदूर पांढऱ्या दारावर रात्रभर राहिला तर डाग धरतो. नारळ बंपरवर फोडू नकोस, चाकापुढं दगडावर फोड. दसऱ्याला झेंडूचे हार बांधशील, तर पानं-फुलं रंगावर ओली चिकटून सडायच्या आत दुसऱ्या दिवशी काढून टाक आणि ती जागा पाण्यानं पुसून घे.

आता धुण्याचं सांगतो.

आपला परभणीचा मुलूख काळ्या मातीचा. जिंतूर, सेलू, सोनपेठ, पालम, कुठंही जा. डांबरी रस्ता सोडून शेतात माल भरायला गाडी उतरली की चाकाला ती माती धरणारच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आवळत जाऊन दगडासारखी होते. मडगार्डच्या आत तिचा जाड थर बसतो. वरून सुकलेला दिसतो, आत पत्र्याला लागून मात्र ओल तशीच धरून ठेवतो. मडगार्ड बाहेरून सहसा गंजत नाही, आतूनच गंजतो, त्याचं कारण हे. लोक काय करतात? खुरपं घेऊन खरवडतात, नाहीतर खराटा मारतात. मातीबरोबर रंग निघतो. तू तसं करू नकोस. आधी पाण्याचा हलका फवारा मार आणि सोडून दे. चहा घे. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाणी मार, माती स्वतःच ढासळू लागेल. आतल्या बाजूला हात घालून बघ, बोटाला खडबडीत लागलं तर अजून भिजव. पावसाळ्यात आणि सोयाबीनच्या काढणीत बाकी गाडी धुवायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, मडगार्डचं पोट मात्र साफ ठेव.

गाडी धुवायची ती दिवस मावळताना, नाहीतर पहाटे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढं जातो, तेव्हा दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर साबण टाकलास तर धुवायच्या आतच सुकतो आणि डाग पाडतो. गाडी लांबून आली असेल तर अर्धा तास थांब. तापलेल्या ब्रेक ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो.

सुरुवात टपापासून, मग काचा, दारं, पुढची जाळी, हौदा आणि सगळ्यात शेवटी चाकं. दोन बादल्या घे, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून, मगच शाम्पूत बुडव. साध्या बादलीच्या तळाशी थोड्या वेळानं बघ, वाळू बसलेली दिसेल. ती एका बादलीच्या कामात पुन्हा दारावर गेली असती. चाकांचं फडकं वेगळं, केबिनचं वेगळं. दोन्ही एका खुंटीला टांगायची नाहीत. घरातल्या जुन्या नायलॉनच्या साडीचे तुकडे क्लीनरला देऊ नकोस, सुती मऊ कापड किंवा मायक्रोफायबरचं फडकं दे.

कपडे धुवायची पावडर आणि भांड्याचा साबण नको. त्यांचा खार रंगावरचं मेण काढून टाकतो, मग रंग फिका पडतो. गाडीचा शाम्पू महाग वाटतो, पण बादलीला लागतो टोपणभर. आणि डिझेलचा पोछा तर मुळीच नको. धुतल्यावर डिझेलचं फडकं मारून गाडी चमकवायची रीत जुनी आहे, मोठमोठे ड्रायव्हर अजून करतात. ती चमक ढाब्यापर्यंत टिकते. नंतर त्याच चिकटीवर दुप्पट धूळ बसते, दारांचे रबर फुगतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या सुटतात. डांबराचे ठिपके काढायचे असतील तेवढ्यापुरतं फडक्याचं टोक रॉकेलमध्ये बुडव, ठिपका पूस आणि लगेच शाम्पूनं ती जागा धू.

पाण्याचं म्हणशील तर बोअरचं पाणी जड. ते पत्र्यावर सुकलं की पांढरे ठिपके राहतात, आणि पुन्हा पुन्हा सुकलं की ते ठिपके निघत नाहीत. म्हणून धुणं झालं की कोरड्या स्वच्छ कापडानं टिपून घ्यायचं, वाऱ्यावर सुकत ठेवायचं नाही. पावसाचं पाणी पत्र्यावरून टाकीत धरलेलं असेल तर शेवटचा हात त्याचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी वापरशील तर रात्रभर ड्रममध्ये निवळू दे, त्यात गाळ असतो. पाइप मोकळा सोडून गाडी धुवायची नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आपण शेजारच्या जिल्ह्यात बसून बघितला आहे. भिजवायला फवारा आणि धुवायला बादल्या, एवढ्यात केबिन नीट होते. आणि नदीत गाडी घालायची नाही. गंगाखेडला गोदावरीत लोक श्रद्धेनं स्नान करतात. त्या पाण्यात आपल्या गाडीखालचं ऑइल आणि ग्रीस सोडण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

रॅम्पवर लावशील तेव्हा स्वतः उभा राहा. प्रेशरचा पाइप रंगापासून हातभर लांब हवा. कुठं टवका उडालेला असेल तर जवळून मारलेलं पाणी त्याच्या कडेखाली शिरून रंगाची खपली काढतं. बॅटरी, वायरिंगचे सॉकेट, अल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचं तोंड यांवर धार नको. निळ्या झाकणाच्या युरियाच्या टाकीभोवती पांढरी पूड जमलेली असेल तर ती साध्या पाण्यानं धुऊन काढ, तशीच राहिली तर धातू खाते. खालून धुतल्यावर पाट्यांचं आणि किंगपिनचं ग्रीस निघून जातं, तेव्हा धुणं आणि ग्रीसिंग एकाच दिवशी करायचं. निघताना दोन-चारदा हलका ब्रेक मारून ड्रम सुकव.

कोणता माल भरलास त्यावरही धुणं ठरतं. खत वाहिलंस तर त्याच दिवशी हौदा साफ झाला पाहिजे. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, आणि युरियासारखंच ते हवेतली ओल ओढून घेतं. लोखंडाला याहून वाईट काही नाही. पण लगेच पाणी मारायचं नाही. आधी कोरडं झाडून काढ, कोपरे ब्रशनं मोकळे कर, मग धू. नाहीतर विरघळलेलं खत सांध्यांत जाऊन बसतं. धुतल्यावर फाळका उघडा ठेवून गाडी चढावर तोंड करून लाव, पाणी मागं निथळून जाईल. सिमेंटचंही तसंच, आधी हवेनं उडव. ते ओलं झालं तर रंगावरच घट्ट होईल. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांमागून आलास तर केबिनला फडकं लावायचं नाही, भरपूर पाण्यानं नुसतं वाहवून काढायचं. उसाचा रस आणि मळी चिकट, आंबली की आंबट होते. गाळप हंगामात रोज धुणं जमणार नाही, तरी रस ओघळलेल्या जागी रात्री बादलीभर पाणी ओतून दे. चिंचेच्या झाडाखाली सावली चांगली असते, पण बगळे बसत असतील तर तिथं गाडी लावू नकोस. त्यांची विष्ठा उन्हात रंगात उतरते. पडलीच तर घासायची नाही, ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून उचलून घ्यायची. पावसाळी रात्री जाळीवर आणि काचेवर चिकटलेल्या किड्यांनाही हाच इलाज.

तीन महिन्यांतून एकदा केबिनला मेणाचं पॉलिश लाव. मेण आणि रबिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात मात्र दोन्हींना पॉलिशच म्हणतात. मेण रंगावर थर चढवतं. रबिंग कंपाउंड रंगाचा थर उतरवतं, आणि खालचा ताजा रंग दिसतो म्हणून चमक वाटते. नव्या गाडीला कोणी मशिन लावून रबिंग करतो म्हणाला तर किल्ली परत घे. मेण संपलं का हे बघायला दारावर अर्धा तांब्या पाणी ओत. पाण्याचे गोल थेंब होऊन ओघळले तर मेण आहे, पाणी चादरीसारखं पसरून राहिलं तर पुन्हा लावायची वेळ झाली.

खडीच्या रस्त्यावर टवके उडणारच. राष्ट्रीय महामार्ग ६१ वर कुठं ना कुठं काम चालूच असतं, पुढच्या हायवाची खडी बंपरवर आणि काचेखाली येते. पावसाळ्याच्या आधी, मे अखेरीला, एक दिवस फक्त टवक्यांसाठी काढ. पत्रा उघडा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं तेवढीच जागा गंज जाईपर्यंत घास, कोरडी पूस, काडीच्या टोकानं प्रायमरचा ठिपका दे, सुकला की रंगाचा. ब्रश नको, ब्रशनं डाग मोठा होतो. रंगाची छोटी डबी घेताना ‘पांढरा’ किंवा ‘लाल’ असं सांगू नकोस. केबिनवर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असेल, तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव आणि दुकानदाराला तोच दाखव. डबी केबिनच्या खणात ठेवायची नाही, उन्हात घट्ट होते. घरी, सावलीत, झाकण दाबून, उलटी ठेव.