वजन उतरवायचं, किती रुपयांत आणि कुणाच्या वेळात?

जिमच्या काउंटरवर वर्षाचे पैसे भरण्याआधी घरात एका प्रश्नाचा निकाल लागलेला बरा: सकाळी साडेसहा ते साडेसात डबे कोण भरणार? डोंबिवलीहून मुंबईला किंवा हडपसरहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाचे बारा-तेरा तास नोकरी आणि प्रवासातच जातात. उरलेल्यात व्यायामाचा तास बसवायचा, तर तो कुणाच्या तरी झोपेतून नाहीतर कुणाच्या तरी कामातून काढावा लागतो. बहुतेक घरांत तो बाईच्या वाट्यातून निघतो. तिनं व्यायाम करायचा तर तिला पाचला उठावं लागतं, आणि नवऱ्यानं जिम लावली की सकाळची सगळी धावपळ पुन्हा तिच्याच गळ्यात. या वाटणीबद्दल मोकळेपणानं बोलणं झालं नाही, तर स्वस्तातली जिमसुद्धा महागच पडते. कोणत्या दिवशी कोण बाहेर पडणार आणि त्या दिवशी मुलांची शाळा कोण बघणार, हे ठरल्यावर मग पैशाकडे वळू.

आधी गरज किती ते बघा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागणारा. ही मिनिटं सलगच हवीत असं नाही. स्टेशन ते घर पंधरा मिनिटं भराभर चालत गेलात आणि आलात, तर पाच दिवसांत 150 मिनिटं पुरी. वर शेअर रिक्षाचे एका फेरीचे वीस रुपये धरले, तर महिन्याचे आठशे-हजार वाचतात. खिशात पैसे टाकणारा व्यायाम माझ्या माहितीत हा एवढाच.

यासाठी खर्च करायचा तो बुटांवर. दीड ते तीन हजारांत चालण्याचे चांगले बूट मिळतात. ते संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर येतं. ताकदीच्या व्यायामासाठी तीन-चारशेचा रबरी पट्टा आणि घरातली भिंत सुरुवातीला पुरते. रविवारी मुलांना घेऊन तळजाई किंवा पर्वती चढलात, तर कुटुंबाचा वेळ वेगळा काढावा लागत नाही. महापालिकेच्या बागांतल्या खुल्या व्यायामशाळा फुकट आहेत. तिथल्या यंत्रांचे बोल्ट तेवढे हलवून बघा. शिवाय पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ, दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा जुन्या संस्थांची चौकशी चकचकीत जिमच्या आधी करावी. आपल्या शेजारच्या तालमीचीही.

स्वयंपाकघरातला हिशोब

अर्धा तास भराभर चालून सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणून वजनाचा मोठा भाग ताटात ठरतो, आणि इथेच डाएटच्या नावाखाली पैसा उडतो.

तेलाचंच बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम, म्हणजे सुमारे 340 कॅलरी झाल्या. तेच तीन लिटरवर आणलं तर 205. माणशी रोज 135 कॅलरींचा फरक, जवळजवळ त्या अर्ध्या तासाच्या चालण्याइतका, आणि महिन्याला तेलाचे तीनेकशे रुपये शिल्लक. फोडणी बंद करायची नाही. तेल डब्यातून सरळ कढईत ओतण्याऐवजी चमच्यानं मोजायचं. महिन्याच्या सुरुवातीला तीन पिशव्या बाजूला काढून ठेवल्या की बाकी कुणाला उपदेश करावा लागत नाही.

प्रोटीन पावडरचा किलोचा डबा दोन ते साडेतीन हजारांना येतो. एका मापात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं, त्याचे सत्तर ते शंभर रुपये पडतात. तेवढीच प्रथिनं चार अंड्यांतून तीस रुपयांच्या आसपास मिळतात, तर 50 ग्रॅम सोयावडीतून दहा रुपयांच्या आत. घरच्या व्यायामापुरती पावडर लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आहारतज्ज्ञाची एक भेट शहरात साधारण पाचशे ते दीड हजारांना पडते, तीन महिन्यांचं पॅकेज सहा हजारांपासून पुढे. मी पॅकेज घेणार नाही. आधी एक भेट घ्यावी आणि एकच प्रश्न विचारावा: घरात सगळ्यांसाठी जो स्वयंपाक होतो, त्यातूनच माझं ताट लावून द्याल का? तक्त्यात किन्वा आणि ॲव्होकॅडो आले, तर वाणसामान वाढतंच, शिवाय रोज एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो. तो कोण करणार? भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक यांत बसणारा आहार देता येत नसेल तर ती व्यक्ती आपल्या कामाची नाही.

वजन अचानक वाढलं असेल, फार थकवा असेल, तर पैसे आधी तपासणीवर घाला. थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे मिळून दीड-दोन हजार होतात. घरी मोजायला काटा हवाच असं नाही, शिंप्याची टेप पुरते. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर धरतात. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललंय समजा. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्याला तुमच्या तब्येतीपेक्षा तुमचं पाकीट दिसत असतं.

तरीही जिम लावायची असेल तर

लावा, त्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात तर सोयीचीच. गल्लीतल्या जिमला महिन्याला हजार ते दोन हजार पडतात, मोठ्या साखळीतल्या जिमला वर्षाला वीस-तीस हजारांपर्यंत. घर आणि स्टेशन यांच्या वाटेवर असेल तीच निवडा. उलट्या दिशेची जिम कितीही सवलत दिली तरी नको, कारण नऊच्या लोकलनं उतरलेला माणूस तिकडे वळत नाही.

वर्षाचे बारा हजार भरले आणि तीन महिने, महिन्याला बारा वेळा गेलात, तर एका वेळेचे 333 रुपये पडतात. दरमहा दीड हजार देऊन तेवढंच गेलात तर 125. जिमवाल्यांचं गणित न येणाऱ्यांच्या पैशांवर चालतं. सगळे सभासद एकाच संध्याकाळी आले तर उभं राहायला जागा मिळणार नाही. म्हणून पहिले तीन महिने महिन्या-महिन्यानं भरा, जास्त पडले तरी. ‘ऑफर आजच संपतेय’ म्हणाले तर उद्या जा, बहुतेक वेळा ती तिथेच असते.

जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. बारा हजारांवर 2,160 ऐवजी 600 रुपये होतात, बिलात पाहून घ्या. जीएसटी लावणाऱ्यानं बिलावर नोंदणी क्रमांक दिलाच पाहिजे. आजारपण, मुलांच्या परीक्षा, बदली यांसाठी सभासदत्व किती दिवस थांबवता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, जिम बंद पडली तर काय, हे सहीआधी लिहून घ्या. तोंडी कबुली पुढे कुणाला आठवत नाही. पर्सनल ट्रेनरचे महिन्याला पाच ते पंधरा हजार होतात. पहिले आठ-दहा धडे घेऊन हालचाली नीट शिकाव्यात आणि थांबावं.

‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ असं पावतीवर छापलं म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही. आधी लेखी मागणी करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यानंही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, स्वतः राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पैसे मात्र यूपीआयनं किंवा कार्डानं दिलेले असावेत.

राहिली वजन उतरवणारी इंजेक्शनं. मार्च 2025 मध्ये माउंजारो भारतात आलं, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. अशा औषधांनी वजन उतरतं हे खरं. पण ती थांबवली की बहुतेकांचं उतरलेलं वजन बरंचसं परत येतं. तेव्हा खर्च एका महिन्याचा नव्हे, दोन-तीन वर्षांचा धरा. मधुमेह किंवा मोठी स्थूलता असलेल्यांसाठी तो डॉक्टरांशी बोलून ठरवायचा निर्णय आहे. मुलाच्या मुंजीच्या फोटोसाठी घ्यायचं हे औषध नाही. आणि दुकानदार चिठ्ठीशिवाय द्यायला तयार असेल, तर ते दुकान बदला.