पडद्याचे देखणेपण आणि सोय

यंत्राचा पडदा समोर आला की तो वापरण्यास सोपा आहे की अवघड, याविषयी माणसाचे मत क्षणार्धात बनते. हात लावण्यापूर्वीच डोळे निकाल देऊन टाकतात. जपानमधील हिताची कंपनीच्या डिझाइन केंद्रातील मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या संशोधकांनी १९९५ साली याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एटीएम यंत्राच्या पडद्यावरील अंक व बटणे यांच्या २६ निरनिराळ्या मांडण्या त्यांनी २५२ जणांना दाखविल्या. जी मांडणी लोकांना सुंदर वाटली, तीच बहुधा सोपीही वाटली. ती खरोखर सोपी होती की नाही, याच्याशी त्या मताचा संबंध फारच थोडा आढळला.

याचा अर्थ सौंदर्य त्याज्य ठरते, असा नव्हे. नीटनेटका पडदा नवख्याची भीती कमी करतो. रंगांच्या व आकारांच्या योग्य योजनेने महत्त्वाचे ते प्रथम नजरेत भरते. अडचण येते ती देखणेपणापायी खूणच पुसली जाते तेव्हा.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ९५ या प्रणालीत पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असे लिहिलेले बटण आले. पुढे त्याचे रूप बदलले, जागा मात्र बदलली नाही. लोकांचा हात सवयीने तेथेच जात राहिला. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मधून ते काढून टाकण्यात आले आणि पडदाभर रंगीत चौकटी दिसू लागल्या. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांचा विचार त्यामागे होता, आणि रूपही खरोखर प्रसन्न होते. परंतु माउस वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. संगणक बंद करायचा तर बाण उजव्या कोपऱ्यात न्यावा, तेथे उघडणाऱ्या पट्टीतून ‘सेटिंग्ज’ निवडावे, मग ‘पॉवर’, आणि त्यानंतर बंद करण्याची आज्ञा! त्या कोपऱ्यात काही दडले आहे, हे सांगणारी एकही खूण पडद्यावर नव्हती. जाणकार विचारून वा शोधून मार्ग काढतो. एकट्याने शिकणारा मात्र अशा वेळी आपलेच काही चुकले, असे समजून हात मागे घेतो. वास्तविक चूक मांडणीची असते.

२०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले. पण ते दाबले की पुन्हा त्याच चौकटी समोर येत. पूर्वीची यादी परतली ती २०१५ च्या विंडोज १० मध्ये. त्याच कोपऱ्यातून ती उघडे, आणि तिला लागूनच रंगीत चौकटींनाही जागा दिलेली होती.