शेजाऱ्यांचा कोंबडा मारकुटा झालाय

प्रश्न : शेजाऱ्यांचा कोंबडा रोज आमच्या अंगणात शिरतो, तलंगांना रक्तबंबाळ करतो. काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, त्याला दगड मारू नका, डिवचलेला कोंबडा आणखी चवताळतो. परसाला ६ फूट उंच जाळी लावा. गावरान कोंबडा उडतो, म्हणून वरूनही झाका. जखमी तलंग वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. बाहेरच्या पक्ष्यासोबत राणीखेत (मानमोडी) रोग येऊ शकतो, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाची चौकशी करा.

शेजाऱ्यांना शांतपणे सांगा, की कोंबडा बांधून किंवा कोंडून ठेवा. नाहीच ऐकलं तर गावातल्या तंटामुक्ती समितीकडे जा; तंटामुक्ती मोहीम २००७ मध्ये असेच वाद मिटवण्यासाठी सुरू झाली. कोंबड्यापायी शेजार मात्र तोडू नका.