कात्रजच्या बिबट्याचं पोट

प्रश्न : २०२१ मध्ये आमच्या हडपसरला साडेसतरा नळीच्या बाजूला बिबट्या आला होता. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की संपत नाही. परवा नातीला घेऊन कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो. आयतं मांस, दिमतीला डॉक्टर; रानातल्या बिबट्यापेक्षा तिथला सुखीच ना? मुलगा म्हणतो, पिंजऱ्यात प्राण्याच्या पोटातले जंतूच बदलतात. हे खरं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आयुष्य मोजायचं तर पारडं तुमच्याकडे झुकतं. २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पन्नासहून अधिक जातींच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ८४ टक्के जाती रानापेक्षा प्राणिसंग्रहालयात जास्त जगतात असं दिसलं. उपासमार नाही, शत्रू नाही, जखम चिघळायच्या आत औषध. यात नवल नाही.

पोटाचा हिशेब मात्र मुलाच्या बाजूचा. आतड्यातले जीवाणू ओळखायला प्राण्याला हातही लावावा लागत नाही. विष्ठेतला डीएनए वाचला की आत कोण राहतं ते कळतं. त्याच वर्षी व्हिएतनाममधल्या डूक माकडांचा असा अभ्यास झाला. ही आपल्या सिंहगडावरच्या वानरांची नातलग. पाला खायचा आणि पोटाच्या पिशवीत तो आंबवायचा, असा दोघांचा संसार. प्राणिसंग्रहालयातल्या डूकांच्या पोटातले मूळचे कितीतरी जीवाणू नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी प्रिव्होटेला आणि बॅक्टेरॉइड्स यांनी बस्तान मांडलं होतं. हे दोघे तुमच्या-माझ्या पोटातले जुने भाडेकरू! निवारा केंद्रात राहणारी, अर्धी मोकळी डूकं या दोन टोकांच्या बरोबर मध्ये निघाली. रानात ती नाना झाडांचा चिवट पाला खातात. बंदिवासात पाल्याचे प्रकार कमी होतात आणि चोथाही. ज्या जीवाणूंचं पोट त्या चोथ्यावर चालतं, ते उपाशी मरतात.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. पुढच्या वर्षी अनेक जातींची तुलना झाली, तेव्हा माकडं, कुत्र्याच्या कुळातले प्राणी आणि घोड्याचे भाऊबंद यांच्या पोटातली विविधता बंदिवासात घटलेली आढळली. गाय-काळविटाचं कुळ आणि जिराफ यांना फारसा फरक पडला नव्हता. रवंथ करणाऱ्याचं पोट भलतंच खंबीर दिसतं.

आता बिबट्या. ‘रानातला’ म्हणताना आपण जपून बोलायला हवं. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे आपल्याकडचा मोकळा बिबट्या उसात राहतो आणि गावातली कुत्री खातो. पण तो कुत्रा खातो ते कातडी, केस, कूर्चा, हाडांसकट. माझ्या मते खरा फरक इथे आहे. भक्ष्य कोणतं, यापेक्षा ते किती सबंध पोटात जातं, हे महत्त्वाचं.

याचा पुरावा चित्त्यांकडून मिळतो. बंदिवासातल्या चित्त्यांना काही काळ नुसतं मांस, वर जीवनसत्त्वांची पूड असं दिलं आणि काही काळ सबंध ससा. सशाच्या दिवसांत विष्ठेतली इंडोल, फिनॉल ही सडक्या वासाची द्रव्यं घटली. केस आणि कूर्चा पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या जीवाणूंना चघळायला काम मिळतं. एरवी ते उरलेलं प्रथिन सडवत बसतात. केस-कूर्चा म्हणजे मांसाहाऱ्याचा कोंडाच म्हणा ना. चित्त्यांचं आणखी एक नवल आहे. जठराला सूज आणणारा हेलिकोबॅक्टर नामिबियातल्या मोकळ्या चित्त्यांच्या पोटातही सापडतो, पण सूज क्वचितच दिसते. बंदिवासात हीच सूज चित्त्यांचं मोठं दुखणं आहे. जंतू सारखेच असताना आजार वेगळा, याचा अर्थ ताण आणि आहार हे दोघे संशयित.

अनेक प्राणिसंग्रहालयांत मोठ्या मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. हे ऐकून नातीला वाईट वाटेल, पण रानात शिकार रोज कुठे लागते? पुन्हा कात्रजला जाल तेव्हा (बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं) तिथल्या कर्मचाऱ्याला एवढंच विचारा : मांसाबरोबर हाड देता का?