आठवा दिवस

राष्ट्रीय सेवा योजनेचं (एन.एस.एस.) विशेष शिबिर सात दिवसांचं असतं. समारोपाच्या रात्री मुलं गळ्यात पडून रडतात. ‘सर, नोकरीबिकरी नको, आता गावातच काम करायचं,’ असं दोघं-तिघं तरी म्हणतातच. कार्यक्रम अधिकारी म्हणून मी हे अनेकदा ऐकलंय. मला धास्ती असते ती आठव्या दिवसाची.

आमच्या एका हुशार मुलाने शिबिरानंतर टी.वाय.ची परीक्षाच दिली नाही. थेट एका सामाजिक संस्थेत दाखल झाला. तिथे वाट्याला आलं मस्टर भरणं आणि पाहुण्यांच्या चहापाण्याची सोय. मानधन त्याने विचारलंच नव्हतं. अशा कामात पैशांचं बोलू नये, ही आपल्याकडची खुळी समजूत. दिवाळीआधी परत आला, तर वडिलांचा अबोला. आता समाजकार्याचा विषय निघाला की तो उठून जातो. आणि मस्टर भरायला कुणीतरी लागतंच की! शिबिरातल्या वक्त्याने तेवढं सांगितलं नव्हतं.

म्हणून शिबिराच्या मांडवात मुलांकडून शपथा घेऊ नयेत. गडचिरोलीला २००६ साली सुरू झालेल्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमाने एका शिबिरावर भागवलं नाही, शिबिरांची मालिका ठेवली, ते शहाणपणाचं. आपल्या हातात त्याहून साधी गोष्ट आहे. एन.एस.एस.च्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे आठवड्याला अडीच तासांहूनही थोडं कमी. ते रॅली, वृक्षारोपण आणि फोटो यांत उडवण्यापेक्षा एकेका मुलाला वर्षभर एकाच ठिकाणी पाठवावं: प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, काहीही चालेल. कौतुक पहिल्या महिन्यात ओसरतं. मग मुलाला विचारावं, ‘यातला कोणता कंटाळा तुला सोसवतो?’ ‘तुला काय आवडतं?’ यापेक्षा या प्रश्नाला खरी उत्तरं मिळतात.

बचत गटाकडे पाठवलेल्या एका मुलीला बैठकांचा वैताग यायचा, पण हिशेबाच्या वहीतली चूक सापडली की ती खुलायची. सध्या ती सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेचा अभ्यास करते आहे. पतसंस्थांचे हिशेब नीट तपासणारं माणूस तालुक्याला हवंच असतं. (स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ध्येयशून्य ठरवणारे प्राध्यापक मला आवडत नाहीत. मन लावून काम करणारा तलाठी काय असतो, ते शेतकऱ्याला विचारा.)

एवढं करूनही कुणी पूर्णवेळ समाजकार्याची वेगळी वाट धरायची म्हणालं, तर आधी पदवी पूर्ण करायला लावावी. मग त्या कामात दहा वर्षं काढलेल्या माणसासमोर बसवून पगार, पी.एफ., घरभाडं, लग्नाच्या वेळी काय झालं, हे सगळं विचारू द्यावं. ती माणसं मोकळेपणाने सांगतात. नंतर आकडे कागदावर मांडून शिक्षकाने मुलाबरोबर त्याच्या घरी जावं. वडील पहिल्यांदा पगारच विचारतील. त्याचा राग मानू नये. आणि आईलाही स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून बसवावं, कारण खरी हरकत बहुधा तिची असते आणि ती आपल्याला वडिलांच्या तोंडून ऐकू येते.