बाटली फोडायचं बळ आलं कुठून?

प्रश्न : आम्ही झाईचे, तालुका तलासरी. काठोकाठ पाणी भरून बूच लावलेली काचेची बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये राहिली, सकाळी तिचे तुकडे गोळा करावे लागले. फ्रीझर तर पाण्यातली ऊर्जा काढून घेतो. मग काच फोडायला ती आली कुठून?

उत्तर : फ्रीझर जी ऊर्जा बाहेर काढत होता, तिच्यातूनच. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना धरून षटकोनी जाळी बांधतात. जाळी विरळ, म्हणून बर्फाला सुमारे ९ टक्के जास्त जागा लागते. आणि रेणू एकमेकांना धरतात तेव्हाच ऊर्जा सुटते : किलोमागे ३३४ किलोज्यूल. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच.

बर्फाच्या कारखान्यात लादीचे डबे वरून उघडे असतात. तिथे फुगणाऱ्या बर्फाला फक्त हवा रेटायची असते. त्याला किलोमागे जेमतेम ९ ज्यूल लागतात, म्हणजे किलोभर पापलेट जमिनीवरून कमरेपर्यंत उचलण्याची मेहनत. सुटलेल्या ऊर्जेचा हा छत्तीस हजारावा भाग! बाकीची सगळी उष्णता म्हणून निघून जाते. तेवढीच उष्णता बर्फ वितळताना परत मागतो. मासेमारीच्या बोटीत ती तो मासळीकडून घेतो. बाहेरून शिरणारी उष्णता धरली नाही, तर किलोभर बर्फ ३० अंशांवरची तीनेक किलो मासळी शून्यावर आणेल.

पण बूच घट्ट असेल तर? इथे तुमची शंका खरी रंगते. १८४९ साली जेम्स थॉमसन यांनी असाच विचार केला. पाणी शून्य अंशालाच गोठून वाटेल तेवढं वजन उचलू लागलं, तर तापमानात काही फरक नसतानाही फुकटात काम मिळेल. निसर्गात अशी उधारी चालत नाही. तेव्हा दाबाखालचं पाणी शून्याला गोठणारच नाही, असं त्यांनी नुसत्या हिशेबावरून सांगितलं. पुढच्याच वर्षी धाकटे भाऊ विल्यम, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते प्रयोगाने दाखवून दिलं. वातावरणाच्या साधारण १३० पट दाब पडला, की गोठणबिंदू एक अंशाने उतरतो.

म्हणजे जितकं जास्त ढकलायचं, तितकी जास्त थंडी लागते, आणि ती थंडी तुमच्या विजेच्या बिलातून येते. उणे १८ अंशांना कोंडलेलं पाणी वातावरणाच्या दीड हजार पटीहूनही जास्त दाब देऊ शकतं. काच त्याच्या कितीतरी आधी हार मानते.

यापुढे प्लॅस्टिकची बाटली घ्या आणि लिटरमागे निदान १०० मिलिलिटर जागा रिकामी सोडा. काचेची मात्र ठेवूच नका. मानेशी बर्फ आधी धरला, तर वरच्या मोकळ्या जागेचा काही उपयोग होत नाही.